मालगाडी शेवटी नको, दुसऱ्या नंबरवर

पत्र :
‘ताई, आम्ही पाच मित्र. बाकीचे चौघे दहा-बारा वर्षं स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणारी गाडी, चालवतायत, मी मागच्या हिवाळ्यात शिकलो. आता त्यांनी चार दिवसांची, एकूण 900 किलोमीटरची टूर ठरवली आहे आणि मलाही ओढलंय. गेल्या रविवारी सराव म्हणून दिवसभराची फेरी मारली. मी सगळ्यात मागे होतो. पुढच्यांनी उडवलेल्या बर्फाच्या धुरळ्यात मला धड काही दिसत नव्हतं. एका फाट्यावर पोहोचलो तर चौघांपैकी कुणाचाच पत्ता नाही, आणि ठसे दोन्ही वाटांवर. मी डावीकडे गेलो, ते उजवीकडे गेले होते. पाऊण तासाने गाठ पडली. माझं डोकं फिरलं होतं आणि ते हसत होते. तेव्हापासून माझं नाव मालगाडी. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांच्याइतका वेग मला कसा गाठता येईल? या टूरला मी जावं की नाही? आणि वाटेत तीन मोठी गोठलेली तळी आहेत, त्यांच्यावरून सरळ गेलं तर 60 किलोमीटर वाचतात आणि ‘आमच्यातले दोघे दरवर्षी जातात’ असं ते म्हणतात, हे कितपत बरोबर?
ता. क. : हँडल गरम होणारं असेल तर जाड हातमोजे खरंच लागतात का?
– मालगाडी’

उत्तर :

मालगाडीराव, आधी त्या फाट्याचं बोलू. बाकी प्रश्न त्यातूनच फुटलेत.

तिथे चूक तुमची नव्हती. फाट्यावर आलेल्याने मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं असतं. मागच्याने आपल्याला पाहिलं, आपण कुठे वळतोय हे त्याला कळलं, की मगच निघायचं. चौघांनी खोळंबून उभं राहायची गरज नाही, प्रत्येकाने आपल्या मागच्या एकापुरतं थांबायचं. एवढ्या साध्या नियमाने अख्खी रांग एकमेकांना बांधलेली राहते. समजा, तुमची गाडी बंद पडली. चौथा फाट्यावर तुमच्यासाठी थांबतो. चौथा येत नाही म्हणून तिसरा पुढच्या फाट्यावर थांबतो, तिसऱ्यासाठी दुसरा. कुणाचा फोन लागला नाही, कुणाला हाक ऐकू गेली नाही, तरी दहा मिनिटांत पुढच्यालाही कळतं की मागे काहीतरी झालंय. मग चौथा मागे फिरून तुमच्याकडे येतो. तुमच्या चौघांनी हे केलं असतं तर ती पाऊण तासाची शोधाशोध झालीच नसती. दहा-बारा वर्षं गाडी चालवणाऱ्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत आहे, पण ते चौघेच जात असणार आणि चौघेही सारखेच सुसाट, त्यामुळे थांबायची वेळच कधी आली नसेल. पाचवा आला की सवय बदलावी लागते.

आता वेगाचं. तुमचा पहिला प्रश्नच मला मान्य नाही, पण का ते सांगते.

रांगेत शेवटी असण्याचा अर्थ काय होतो ते नीट बघा. पुढचा वळणावर वेग कमी करतो, वळण संपलं की अंगठ्याने थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची कळ, दाबतो आणि निघतो. त्या क्षणी तुम्ही अजून वळणातच असता. तुम्ही बाहेर येईपर्यंत तो दोनशे मीटर पुढे गेलेला असतो. ते अंतर भरून काढायला तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त वेगाने जावं लागतं. प्रत्येक वळणावर हेच. रांग रबरासारखी ताणली जाते आणि प्रत्येक हिसका शेवटच्याला बसतो. वर त्याला मिळणारा ट्रेलही, म्हणजे या गाड्यांसाठी आखलेली बर्फातली वाटही, सगळ्यात वाईट. चार गाड्यांनी वळणाचा बर्फ उकरून ठेवलेला, ब्रेक लावायच्या जागी खड्डे पडलेले, आणि हवेत चौघांचा धुरळा. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी येतं, त्याने सगळ्यात खराब वाटेवर, सगळ्यात कमी दिसत असताना, सगळ्यात जास्त वेगाने चालवायचं! तुमच्या मित्रांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ‘नवीन आहेस, आरामात ये मागून’ असं प्रेमानेच म्हणाले असतील. पण ही व्यवस्था उलटी आहे.

तुमची जागा दुसरी. पुढे असा माणूस हवा जो आरशात बघतो. गटात सगळ्यात तरबेज असलेलाच पुढे पाहिजे असं मुळीच नाही, मला तर पुढे थोडा कंटाळवाणा माणूस आवडतो. तुम्ही त्याच्या मागे. तुमचा वेग कमी झाला की त्याला लगेच दिसतं आणि तोही कमी करतो. रांगेचा वेग आपोआप तुमच्याइतका होतो, तुम्हाला मागून कुणाला गाठावं लागत नाही. तिसरा आणि चौथा तुमच्या मागे. सगळ्यात शेवटी तो, ज्याला गाडी उघडता येते आणि ज्याच्याकडे हत्यारं आणि ओढायचा दोर आहे. कारण बंद पडलेली गाडी नेहमी त्याच्या पुढे असते, मागे नसते. हत्यारं पुढच्याकडे असतील तर काय होतं ते मी भोगलंय, पुढे सांगते.

मित्रांशी हे बोलायचं कसं? ‘मला भीती वाटते’ हे खरं असेल तर जरूर सांगा, त्यात कमीपणा नाही. पण त्याने ते तुमची समजूत काढत बसतील आणि पुन्हा मागेच ठेवतील. त्यापेक्षा निघायच्या आदल्या रात्री नकाशा पसरलेला असताना सरळ म्हणा : ‘मी दुसऱ्या नंबरवर जाणार. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचायचं.’ तीनच गोष्टी. एकाने जरी ‘बरोबर आहे’ म्हटलं तरी बाकीचे गुमान येतात. सकाळी हेल्मेट चढवल्यावर हा विषय काढू नका, तेव्हा कुणाला ऐकायचं नसतं.

मधल्या अंतराबद्दल माझा एक आग्रह आहे. पुढच्याच्या बुडाला चिकटून जाऊ नका. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं आणि हात ब्रेककडे गेला, यात दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 33 मीटर संपले. त्यापुढे दाबलेल्या बर्फावर गाडी कुठे थांबेल हे बर्फ ठरवतो. तुमची गाडी कुठे थांबते हे तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेकांना नसतं. टूरच्या आधी एक सकाळ मोकळ्या, सपाट, परवानगी असलेल्या जागेवर जा. एक काठी रोवा. ताशी 30 ने काठीपाशी येऊन ब्रेक दाबा, उतरा आणि पावलं मोजा. मग 50 ने. मग तेच बर्फ कडक असताना आणि भुसभुशीत असताना. हे आकडे लक्षात ठेवा. पुढच्याचा वेग गाठायचा सराव करण्यात जो वेळ घालवणार होतात तो इथे घाला.

ट्रेलवर वेगमर्यादा असते हेही तुमच्या मित्रांना आठवण करून द्यायला हरकत नाही. प्रांतागणिक ती बदलते. कॅनडात ओंटारियोच्या ट्रेलवर ताशी 50 आहे, शेजारच्या क्वेबेकमध्ये 70. मर्यादा आहे म्हणून तेवढा वेग गाठलाच पाहिजे असंही नाही. झाडीतल्या वळणावळणाच्या वाटेवर 40 सुद्धा पुष्कळ होतात.

वळणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण समोरासमोरच्या धडका तिथेच होतात. पलीकडचं दिसत नसलेल्या प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर, समोरून कुणीतरी येतंयच असं धरून चाला. उजवी कड सोडू नका. आपल्याला वाटतं आपण उजवीकडे आहोत, पण वेग जास्त झाला की गाडी वळणात बाहेरच्या बाजूला सरकते. उजव्या वळणावर बाहेरची बाजू म्हणजे समोरून येणाऱ्याची बाजू. म्हणून वेग वळणाच्या आधी उतरवायचा, आत शिरल्यावर नाही. वळणात घाबरून ब्रेक दाबला तर मागचा ट्रॅक, म्हणजे गाडी ढकलणारा रबरी पट्टा, सरकतो आणि पुढच्या स्की, म्हणजे गाडी वळवणाऱ्या पट्ट्या, ऐकत नाहीत. अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा, अंगठा थोडा दाबलेलाच राहू द्या. कडक ट्रेलवर स्की आधीच्या गाड्यांच्या चरात शिरून हँडल इकडेतिकडे ओढतात. नवख्याला वाटतं गाडी हातातून गेली, म्हणून तो हँडल आवळून धरतो आणि ते जास्तच वाईट होतं. हात सैल ठेवा. ती थोडी इकडेतिकडे जाणारच.

हाताच्या खुणा तुम्हाला शिकवल्या असतील. तरी एकदा पाचही जणांनी एकमेकांना करून दाखवा, कारण प्रत्येकाच्या थोड्या वेगळ्या निघतात. उजवा अंगठा थ्रॉटलवर असल्याने सगळ्या खुणा डाव्या हाताच्या. हात सरळ वर म्हणजे थांबतोय. बाजूला सरळ म्हणजे डावीकडे. कोपरात वाकवून वर म्हणजे उजवीकडे. बाजूला खाली तिरका म्हणजे हळू होतोय. समोरून येणाऱ्याला सांगायचं असतं की माझ्या मागे आणखी आहेत, त्यासाठी अंगठ्याने खांद्यावरून मागे दाखवायचं. रांगेतला शेवटचा मूठ उंचावतो, म्हणजे माझ्या मागे कुणी नाही. काहीजण बोटांनी मागच्या गाड्यांचा आकडा दाखवतात, ते मला पटत नाही. जाड मोज्यातली तीन बोटं की चार, हे चालत्या गाडीवरून कुणाला कळणार? शिवाय समोरचा मोजत बसतो, ‘तीन गेल्या, झालं’ म्हणून मधोमध येतो, आणि मागे राहिलेली चौथी त्याच्यावर आदळते. मुख्य म्हणजे वळणात किंवा गचक्यांत हात हँडलवरून काढून खूण करायची सक्ती कुणावरच नाही. दोन्ही हात हवेत तिथे दोन्ही हात हँडलवर.

रस्ता ओलांडताना मात्र प्रत्येकाने थांबून, स्वतःच्या डोळ्यांनी दोन्हीकडे बघून जायचं. एकाने मध्ये उभं राहून बाकीच्यांना ‘या या’ करायचं, हा परोपकार बंद करा. त्याने बघितलं तेव्हा रस्ता मोकळा होता, तुम्ही पोहोचेपर्यंत असेलच असं नाही.

ट्रेल सपाट करणारं ग्रूमर यंत्र दिसलं की कडेला व्हा आणि ते जाईपर्यंत थांबा. ते वाटेची जवळजवळ सगळी रुंदी व्यापतं. मागून गाठलंत तर चालकाने खूण केल्याशिवाय पुढे घुसू नका. बर्फाच्या ढगात तो तुम्हाला दिसतो, तुम्ही त्याला दिसताच असं नाही. ही यंत्रं मुख्यतः रात्री फिरतात आणि मागचा बर्फ थंडीत काही तास मुरला की कडक होतो, म्हणून सकाळी लवकर निघणाऱ्याला सगळ्यात चांगला ट्रेल मिळतो. तुमच्या मित्रांना लवकर उठवायला हे कारण वापरून बघा.

कारण मला तुमच्या 900 किलोमीटरची काळजी वाटते. चार दिवसांत म्हणजे रोज 225. कागदावर हा आकडा लहान दिसतो. पण पाच गाड्या, दोनदा पेट्रोल, जेवण, कुणाचा चष्मा धुकटला, कुणाला झाडामागे जायचंय, हे सगळं धरलं तर दिवसाची सरासरी ताशी 30 च्या आसपास येते. साडेसात तास झाले. सकाळी नऊला निघालात तर साडेचारला, उन्हं उतरताना पोहोचाल, आणि तेही काहीच बिघडलं नाही तर. अंधार पडला की दिव्याच्या उजेडात साधारण 60 मीटरपर्यंतच दिसतं. ते 33 मीटर आठवतात ना? म्हणजे ताशी 80 ने रात्री जाणारा माणूस दिसतंय त्याच्या पलीकडे चाललेला असतो. शिवाय थकवा. दिवसभर थ्रॉटल दाबून अंगठा असा दुखतो की रात्री चमचा धरवत नाही. दुपारी चारनंतर नजर असते पण लक्ष नसतं. पहिल्या दिवशी 150 च्या वर जाऊ नका, मग ठरवा. एकूण 900 चे 700 झाले तर कुणाचं काही जात नाही.

पेट्रोलचा हिशेब सगळ्यात जास्त पिणाऱ्या गाडीच्या मापाने करायचा, आणि पंप दिसला की पाचही टाक्या भरायच्या. ‘माझी अर्धी आहे, मी पुढच्या पंपावर भरतो’ म्हणणारा एक प्रत्येक गटात असतो. नव्या भुसभुशीत बर्फात गाडी नेहमीपेक्षा बरंच जास्त पिते आणि पुढचा पंप कधीकधी बंद असतो.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही सहाजण होतो आणि मी अशीच शेवटी. दुपार कलली होती. अचानक जळक्या रबराचा वास आला, इंजिन केकाटायला लागलं आणि गाडी जागच्या जागी थबकली. इंजिनाची ताकद ट्रॅककडे पोहोचवणारा रबरी बेल्ट तुटला होता. बाजूचं झाकण उघडलं तर बेल्टच्या काळ्या चिंध्या आणि धागे मागच्या क्लचभोवती असे गुंडाळलेले, जणू कुणी लोकर गुंतवून ठेवलीय. ते सगळे धागे निघाल्याशिवाय नवा बेल्ट बसत नाही. पण माझ्याकडे बेल्टही नव्हता आणि पक्कडही नव्हती. दोन्ही आमच्या ‘मेकॅनिक’च्या सामानात आणि तो सगळ्यात पुढे. 50 मिनिटांनी एकजण परत आला. त्याने मोठ्या मनाने स्वतःचा जादा बेल्ट काढून दिला. तो माझ्या गाडीला बसेना, कारण त्याची गाडी वेगळ्या मॉडेलची! मग दोर लावून अंधारात ओढत नेलं. ऊबदार खोलीत पाव तासाचं काम, पण त्या दिवशी धागे उपसताना मी मोजे काढले होते, आणि दोन बोटांची टोकं आजही थंडीत बधिर होतात.

तेव्हापासून माझा बेल्ट माझ्याच गाडीत. तुमच्या गाडीला लागणाराच बेल्ट घ्या आणि घरी, ऊबेत बसून एकदा काढून-घालून बघा. ट्रेलवर पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे. सोबत पक्कड, स्पार्क प्लग, डोक्याला लावायचा दिवा आणि काडेपेटी. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ, नाहीतर थंडीत बॅटरी बसते. जंगलात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून पाचांत निदान एकाकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हवं, आणि ते शेवटच्याकडे किंवा दुसऱ्याकडे, पुढच्याकडे नको. निघताना घरच्यांना वाट आणि मुक्काम लिहून द्या, आणि ‘इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागा’ ही वेळही. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी जाकिटाला अडकवलेलीच असू द्या. पडलात तर गाडी तुमच्याशिवाय पुढे जायला नको.

तळ्यांचं आता. आपल्या भाषेची इथे पंचाईत होते. पडणारा बर्फ, दाबलेला बर्फ, पाणी गोठून झालेला बर्फ, सगळ्याला आपण ‘बर्फ’च म्हणतो, आणि ‘भरपूर बर्फ आहे’ एवढ्यावर समाधान मानतो. तळ्यावर मात्र वरचा भुसभुशीत बर्फ जितका जास्त, तितका खालचा गोठलेला थर पातळ असण्याची शक्यता, कारण वरचा थर गोधडीसारखा थंडी अडवतो. पारदर्शक, सलग, नव्याने गोठलेला थर 13 ते 18 सेंटीमीटर असला तर एक स्नोमोबाइल पेलतो असं साधारण मानतात. पांढरट, दुधाळ दिसणारा थर जवळजवळ निम्म्याच ताकदीचा असतो, तिथे जाडी दुप्पट हवी. आणि हे झालं मोजलेल्या एका भोकापुरतं. जिथे नदी तळ्यात येते, जिथून बाहेर पडते, जिथे दोन किनारे जवळ येतात, पुलाखाली, झऱ्यावर, तिथे पाणी हलतं राहतं आणि थर पातळ राहतो. वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं.

जानेवारी 2020 मध्ये क्वेबेकमधल्या लाक-सें-जाँ तळ्याजवळ फ्रान्सहून आलेल्या पर्यटकांचा गट गाइडबरोबर रात्री स्नोमोबाइलवरून जात होता. आखलेला ट्रेल सोडून ते अशा भागात गेले, जिथे तळ्याचं पाणी बाहेर पडतं आणि प्रवाह जोरात असतो. बर्फ फुटला. पाच पर्यटक आणि तो गाइड गेले. गाइड सोबत असूनही हे झालं. म्हणून ‘आमच्यातले दोघे दरवर्षी जातात’ हे तुमच्या मित्रांचं म्हणणं मला पुरत नाही. मागच्या वर्षीचा बर्फ वितळून गेला.

ते 60 किलोमीटर वाचवू नका. तळ्यावर खांब रोवून आखलेला, अधिकृत, त्या दिवशी उघडा असलेला ट्रेल असेल आणि तो ट्रेल सांभाळणाऱ्या तिथल्या क्लबने त्याच सकाळी हो म्हटलं असेल तर जा. उजेडात, एकामागून एक, भरपूर अंतर ठेवून, म्हणजे एकाखाली फुटलं तरी दुसरा बाहेर असेल. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर किनाऱ्याने वळसा. कुणाच्या तरी ट्रॅकचे ठसे तळ्यावर दिसतायत हा पुरावा नाही. ते कधीचे आहेत आणि तो पलीकडे पोहोचला का, हे ठसे सांगत नाहीत.

आणि कुणी आत गेलंच तर? मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेख्ट यांनी थंड पाण्यातल्या माणसाचा पुष्कळ अभ्यास केलाय. त्यांचा 1-10-1 चा हिशेब पाठ करा. पहिला एक मिनिट श्वास लागतो, धाप आवरेपर्यंत फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. त्यानंतर साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, बाहेर पडायचं ते त्यात. शुद्ध हरपायला अंदाजे 1 तास लागतो. म्हणजे लोक समजतात तसे दोन मिनिटांत आपण मरत नाही, वेळ असतो, तो घाबरण्यात घालवायचा नाही. आलात त्याच दिशेला तोंड फिरवा, कारण तिकडच्या बर्फाने तुम्हाला आत्तापर्यंत पेललं होतं. पाय जोरात मारून अंग आडवं करा, पोटावर सरकत वर या, उभं न राहता लोळत लांब जा. ओल्या बर्फावर पकड मिळत नाही म्हणून दोन टोकदार खिळ्यांच्या मुठी गळ्यात घालून ठेवतात, त्या जाकिटाच्या बाहेर हव्यात. सामानात ठेवलेल्या मुठी गाडीबरोबर बुडतात. बुडल्यावर तरंगवणारे सूटही मिळतात. तळी ओलांडायचीच असतील तर तो घ्या.

थंडीबद्दल थोडक्यात. उणे 20 तापमानात ताशी 60 किलोमीटरने जाताना उघड्या कातडीला उणे 36 सारखं लागतं, म्हणून कातडी उघडी ठेवायचीच नाही. अंगालगत सुती कपडा नको, घामाने भिजला की वाळत नाही. प्रत्येक थांब्यावर एकमेकांचे गाल आणि नाकाचा शेंडा बघा, पांढरा मेणासारखा डाग दिसला तर आत जाऊन ऊब द्या, चोळू नका. हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही.

आणि दारू मुक्कामाला पोहोचून किल्ली खिशात गेल्यावर. दुपारच्या जेवणाला ‘एकच’ घेणारा तुमच्या गटात असेल तर मी त्याच्या पुढेही जाणार नाही आणि मागेही नाही. प्यायल्यावर ऊब वाटते कारण रक्त कातडीकडे येतं, म्हणजे शरीराची आतली ऊब बाहेर जात असते.

जावं का? हो, त्या तीन गोष्टी त्यांनी मान्य केल्या तर जरूर जा. हसण्यावारी नेल्या तर पहिल्या दिवसाची फेरी करून परत या, मुक्काम नको. तुम्ही रागावून गेलात असं त्यांना वाटलं तर वाटू दे. पण मला वाटतं ते मानतील. रविवारी पाऊण तास तेही तुम्हाला शोधत होतेच ना! हसले ते सापडल्यावर. ते हसू बरंचसं सुटकेचं असणार.

ता. क. चं उत्तर : हँडल गरम होतं ते तळव्याकडून, वारा लागतो तो हाताच्या पाठीला. हँडल पूर्ण तापवून जाड मोजे घातले तर तळवे घामाने भिजतात आणि थांबल्यावर तोच घाम गारठतो. म्हणून मधल्या जाडीचे मोजे, हँडलवर वारा अडवणारी आवरणं आणि हीटर मध्यमवर. पण इंजिन बंद पडलं की हँडलही गार पडतं. तेव्हा बोटं एकत्र राहणाऱ्या जाड मोज्यांचा एक कोरडा जोड जवळ हवा, सीटखाली खोल नको, जाकिटाच्या आत. मी माझे बेल्टच्याच पिशवीत ठेवायचे, आता नाही ठेवत.